साडेपाच तास

टॅबलेट परत आला तो खाकी पाकिटातून, आणि पाकिटावर माझं नाव देवव्रतच्या अक्षरात होतं. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या इमारतीच्या रखवालदाराने ते माझ्या हातात दिलं, मी लिफ्टमध्ये शिरलो आणि लिफ्टमध्येच ते फाडलं. कुठलंही पाकीट घरी पोचेपर्यंत मला धरवत नाही. शाल्मली, माझी बायको, यावरून मला नेहमी हसते. टॅबलेटच्या काळ्या कडेवर खालच्या बाजूला एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. वह्यांवर नाव लिहायला असतं तसलं लेबल, कात्रीने सरळ कापलेलं. त्यावर निळ्या बॉलपेनने, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं होतं: ‘ही वेळ आपली नाही. साडेपाच तास मिळवा.’ मी ते वाचलं. सहाव्या मजल्यावर दार उघडलं आणि मी उतरलोच नाही. दार मिटलं, लिफ्ट खाली गेली, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कुत्र्याला घेऊन आत आल्या, “गोइंग डाउन?” म्हणाल्या, मी मान हलवली आणि तळमजल्यावर त्यांच्याबरोबर बाहेरही पडलो. कुत्रा माझ्या बुटांचा वास घेत राहिला. मला घाम आला होता, कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि टॅबलेट मी छातीशी उलटा धरला होता. त्या बाईंना मराठीचं एक अक्षर येत नाही, तरीसुद्धा उलटा.

पट्टीवरचं अक्षर रघुजींचं होतं. रघुजी आमच्या क्लबच्या विमानाचे मेकॅनिक. हेब्बाळच्या पुढे, शहराच्या उत्तरेला एक छोटी धावपट्टी आहे. तिथे पत्र्याच्या एका हँगरमध्ये आम्हा नऊ हौशी लोकांचं मिळून एक चार आसनी विमान उभं असतं आणि गेली बावीस वर्षं ते रघुजींच्या हाताखाली आहे. आम्ही नऊजण म्हणजे बहुतेक कंपन्यांतली मोठ्या खुर्चीवरची माणसं. आठवडाभर मीटिंगा करायच्या आणि रविवारी पायलट व्हायचं. मी पुण्याहून इथे येऊन अकरा वर्षं झाली, विमान शिकून तीन. रघुजींचं घराणं साडेतीनशे वर्षांपासून इथलं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि हँगरमध्ये सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हँगरभर त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात: टायरमध्ये हवा किती, कोणता डबा कोणत्या तेलाचा, दार लावताना खालची कडी आधी. त्या सगळ्या कन्नडमध्ये, नाहीतर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. मराठीत लिहिलेली ही पहिलीच. नऊजणांत मराठी मी एकटा. देवव्रत, आमचा सेक्रेटरी, कटकचा. त्याला हिंदीपुरती देवनागरी येते, पण अण्णांच्या चिठ्ठ्या वाचण्याच्या भानगडीत तो पडत नाही. म्हणजे ही चिठ्ठी माझ्यासाठी होती आणि दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून मराठीत होती. त्यांना सगळं ठाऊक होतं. गेले तीन आठवडे ठाऊक होतं, आणि ते गप्प होते.

गोष्ट अशी की क्लबसाठी नकाशाचं ऍप आणि हवामानाचा रिसीव्हर निवडायचं काम माझ्याकडे दिलं होतं. दिलं कसलं, मीच हात वर केला होता. मला निवडायला आवडतं. फ्रिज घेतानासुद्धा मी तक्ता केला होता. इथे तर एकवीस रकान्यांचा तक्ता केला: कोणत्या ऍपमध्ये आपल्याकडचे नकाशे आहेत, कोणतं उन्हात दिसतं, टॅबलेट तापला की कोणतं बंद पडतं. अमेरिकन मंडळी ज्या रिसीव्हरची तोंड भरून स्तुती करतात तो इथे काही कामाचा नाही, हे मी शोधून काढलं, कारण तिकडे जमिनीवरचे मनोरे हवामान फुकट पाठवत असतात आणि आपल्याकडे तसं कुणी पाठवत नाही. ती डबी इथे काचेला चिकटून नुसती बसून राहील. मग मी दुसरा निवडला. तो थेट उपग्रहाकडून ढगांचं चित्र मागवतो. ऍपमध्ये एक बटण दाबायचं, दीड मिनिट थांबायचं, की समोर नकाशावर पाऊस कुठे आहे ते हिरव्या-पिवळ्या-लाल डागांत दिसतं. कोपऱ्यात चित्राची वेळ येते. एवढंच. एक बटण आणि एक वेळ. आणि ती वेळ, विमानाच्या जगात सगळीच वेळ, ग्रीनिचची असते, आपल्या साडेपाच तास मागे. हँगरच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत, वरचं आपलं आणि खालचं ग्रीनिचचं. दोन्हींचे सेल रघुजी बदलतात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. वीस वर्षं मी अमेरिकन गिऱ्हाइकांची सॉफ्टवेअरं चालवतोय; ग्रीनिचच्या वेळेवर माझं पोट भरलंय.

चाचणी उड्डाणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी मी घरी जेवणाच्या टेबलावर ऍप लावून बसलो होतो. पाऊस पडून गेला होता, साडेआठ झाले होते, मी बटण दाबलं आणि चित्र आलं: शहराच्या वर काही नाही, उत्तरेला काही नाही, सगळं स्वच्छ. शाल्मलीला दाखवलं. ती म्हणाली, “खिडकीतून बघितलं तरी कळतंय की.” मी हसलो. कोपऱ्यात १५०० लिहिलेलं होतं. ग्रीनिचचे तीन. मग मी टॅबलेट मिटला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी, विमानात बसून, इंजिन सुरू झाल्यावर उघडला. चित्र स्वच्छ होतं. कोपऱ्यात १५००. मी घड्याळ पाहिलं आणि मला बरं वाटलं, फक्त पाच मिनिटांपूर्वीचं. बटण दाबायची गरजच काय. आदल्या रात्रीचं आभाळ समोर ठेवून मी दुपारच्या आभाळात निघालो.

शेजारच्या सीटवर रघुजी होते. तेही माझंच औदार्य. बावीस वर्षांत त्यांना लोक फार तर चारदोन वेळा वर घेऊन गेले असतील, त्याही कामापुरत्या फेऱ्या. मी म्हटलं, अण्णा, रिसीव्हरची केबल तुम्ही लावलीत, तुम्हीच चला, चालताना बघा. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. निघण्यापूर्वी ते पडद्याकडे वाकून म्हणाले, “साहेब, हे आत्ताचं काय वो?” मी म्हणालो, “वेळ बघा ना, तीन वाजताचं आहे. तुमच्या डोळ्यांपेक्षा लांबचं दिसतं याला.” हे वाक्य मी बोललो. माझ्या आवाजात जी गोडी होती, समजावून सांगणाऱ्याची, ती मला अजून ऐकू येते आणि मग जे करत असेन ते थांबवावं लागतं. आम्ही उत्तरेला, दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला गेलो. पंधरा मिनिटांनी ते म्हणाले, “तिकडं स्वल्प काळं दिसतंय.” मी पडद्याकडे बघितलं. मी आभाळाकडे नाही, पडद्याकडे बघितलं, आणि म्हणालो, “इथे काही नाहीये.” ते गप्प बसले. त्या गप्प बसण्यात एक सवय होती. साहेब लोक चुकतात तेव्हा कसं बसायचं याची. मग काच पांढरी झाली. पावसाचा आवाज पत्र्यावर पडावा तसा, पण चारी बाजूंनी. विमान खाली गेलं, म्हणजे आमच्याखालून निघून गेलं, आणि रघुजींचं डोकं छताच्या पट्टीवर आपटलं. मी दोन्ही हातांनी दांडा धरून होतो, मला वर-खाली कळेना, आणि इतकं होऊनही पडदा माझ्यासमोर स्वच्छ होता. “उजवीकडं घ्या,” ते म्हणाले, “उजवीकडं उजेड हाय. साहेब, बाहेर बघा. बाहेर.” भुवईवरून रक्त त्यांच्या डोळ्यात उतरत होतं आणि दुसऱ्या डोळ्याने ते उजेड बघत होते. मी उजवीकडे घेतलं. चार मिनिटांनी आम्ही द्राक्षांच्या मळ्यांवर होतो, उन्हात.

उतरल्यावर ते डॉक्टरकडे गेले नाहीत. आधी त्यांनी सीटवरचं रक्त ओल्या फडक्याने पुसलं. मग टॅबलेट काढला, त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या खालच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि टॅबलेट माझ्या हातात दिला. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. मी त्यांना माझ्या गाडीतून दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले. मग एकटा घरी येताना हेब्बाळच्या उड्डाणपुलावर नेहमीसारखी गर्दी तुंबली होती, पुढच्या बसचे लाल दिवे, मी काहीच विचार करत नव्हतो, आणि १५०० हा आकडा आपोआप माझ्या डोक्यात उलगडला. तीन अधिक साडेपाच. साडेआठ. जेवणाचं टेबल, शाल्मलीचं वाक्य. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. पुढची बस कधीची पुढे गेली होती.

म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कमिटीची ऑनलाइन बैठक झाली तेव्हा मला माहीत होतं. हे इथे लिहून टाकतो, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय की तेव्हा नक्की माहीत नव्हतं. देवव्रतने विचारलं, चित्र नवं का आलं नाही? सगळ्यांचे चेहरे छोट्या छोट्या चौकटींत होते. रघुजी हँगरमधून, कुणाच्या तरी फोनवर, भुवईला पट्टी लावून. मी म्हणालो, “केबल ढिली असावी. रिसीव्हरला वीज पोचली नसणार.” रघुजींचं नाव मी घेतलं नाही. मी कधीच कुणाचं नाव घेत नाही. नाव घेण्याची गरजही नव्हती, केबल कोणी लावली हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवव्रत म्हणाला, “अण्णा, केबल?” रघुजी थोडे थांबले. त्या थांबण्यात मी माझ्या चौकटीत माझाच चेहरा बघत होतो, तो बऱ्यापैकी गंभीर आणि समजूतदार दिसत होता. मग ते म्हणाले, “इरबहुदु.” असेल. त्या दिवसापासून विमानाच्या वायरिंगला त्यांनी हात लावायचा नाही असं ठरलं. धुणं, पुसणं, टायर. आणि माझा लेखी अहवाल आला की वायरिंगसकट सगळी देखभाल बाहेरच्या एजन्सीकडे द्यायची. एजन्सीचं पत्र देवव्रतच्या फाइलमध्ये तयार आहे. एजन्सी आली की महिनाअखेरीला रघुजी बंद. अहवाल या रविवारी द्यायचा होता. बैठकीनंतर मी हँगरमध्ये ठेवून आलेला टॅबलेट देवव्रतने गुरुवारी परत पाठवला तो त्यासाठी, शेवटची तपासणी करून कोणतं ऍप आणि कोणता रिसीव्हर हे मी लिहून द्यावं म्हणून.

लहानपणी पुण्याला आमच्याकडे सकवारबाई म्हणून कामाला होत्या. मी दहा वर्षांचा असताना मोरीतला नळ उघडा ठेवून खेळायला गेलो आणि पाणी थेट धान्याच्या कोठीपर्यंत गेलं. आईने विचारलं, नळ कोणी उघडा ठेवला? मी म्हणालो, नळच ढिला झालाय. एवढंच म्हणालो. दुपारी भांडी घासून नळ शेवटचा सकवारबाईंनी बंद केला होता. त्यांच्या हाताला जोर राहिला नाही, असं घरात बोललं गेलं, आणि दिवाळीनंतर दुसरी बाई आली. मी सकवारबाईंचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. गुरुवारी तळमजल्यावर, लिफ्टच्या दाराशी, मला त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आठवल्या आणि मला कळलं की मी आयुष्यात माणसांवर कधी आळ घेतलेला नाही. मी वस्तूंवर घेतो. नळ ढिला, केबल ढिली. वस्तूला कुणाचा तरी हात लागलेला असतोच, पुढचं काम लोक आपणहून करतात. यात मी स्वतःला सज्जन समजत आलो, हे सगळ्यात ओंगळ.

आणि संहिता. दोन वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये होती, नागपूरची, तेवीस-चोवीसची. तिने एका कामाची वेळ ग्रीनिचऐवजी आपली धरली आणि गिऱ्हाइकाचे अहवाल अर्धा दिवस चुकीचे गेले. चूक कळल्यावर दहा मिनिटांत ती माझ्या केबिनमध्ये उभी होती. “सर, माझी चूक आहे. मी टाइमझोन बघितला नाही.” मी तिला बसायलाही सांगितलं नाही. म्हणालो, वेळ कोणाची आहे हे आधी विचारायचं असतं, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. तिच्या वार्षिक शेऱ्यात मी ‘निष्काळजी’ असा शब्द घातला. दहा मिनिटं! मी तेव्हा त्या दहा मिनिटांकडे बघितलंच नव्हतं. तिला केबिनपर्यंत चालत यायला किती धैर्य लागलं असेल ते मला आता मोजता येतं, कारण माझे तीन आठवडे झाले आणि मी अजून जागेवरच होतो.

शुक्रवारी ऑफिसातून लवकर येऊन मी अहवाल लिहायला बसलो. ऍपबद्दल दोन पानं सुरेख झाली. रिसीव्हरबद्दल लिहिताना मी लिहिलं: ‘चित्राची वेळ स्थानिक वेळेत दाखवण्याची सोय असावी.’ वाक्य वाचून मला समाधान वाटलं. त्यात सत्य होतं, आणि मी कुठेच नव्हतो. खाली लिहिलं: ‘चाचणी उड्डाणात वीजपुरवठा खंडित झाला असण्याची शक्यता.’ शक्यता! हा शब्द लिहिल्यावर माझा हात उचलला गेला. पट्टी समोरच होती, टॅबलेट टेबलावर उभा होता. मी नखाने तिचा कोपरा उचकटायला लागलो. निघेना. रघुजींनी चिकटवलेलं काहीही सहज निघत नाही, त्यांनी खाली आधी स्पिरिटने पुसून घेतलं असणार. शाल्मली आत आली आणि तिने विचारलं, काय खरवडतोयस? मी म्हणालो, काही नाही, गोंद ढिला आहे. आणि स्वतःचं ऐकून मला इतकी किळस आली की मी उठून बेसिनवर जाऊन उभा राहिलो. तिथून, तिच्याकडे पाठ करून, तिला सगळं सांगितलं. तिने टॅबलेट उचलून पट्टी वाचली. मग म्हणाली, “त्यांनी कुणाला सांगितलं नाही?” मी म्हणालो, नाही. “म्हणजे तुला वेळ दिला त्यांनी,” ती म्हणाली आणि आत गेली. पुढचं काही तिने मला सुचवलं नाही. ते तिने सुचवावं अशी माझी इच्छा होती.

शनिवारी दुपारी मी शहराच्या पीण्या भागात गेलो. कारखान्यांची रांग, लेथचा आवाज, रस्त्यावर तेलकट लोखंडी कीस. मागच्या गल्लीत रघुजींचं दोन खोल्यांचं घर. दार त्यांच्या बायकोने, गोजराबाईंनी उघडलं. मी नाव सांगितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला परत फिरावंसं वाटलं. “अय्यो, वासुदेवसाहेब तुम्ही? या, या की. ह्यांना विमानातून फिरवून आणलात म्हणे. आल्यापास्नं तेच सांगत होते, वरनं द्राक्षाचे मळे कसे दिसतात म्हणून.” त्यांनी स्टीलच्या पेल्यातून कॉफी आणली. मी रघुजींच्या भुवईबद्दल विचारलं. “ते काय वो, हँगरचं दार लागलं. मी म्हटले, वय झालं तुमचं, बघून चाला.” रघुजी तेव्हा मागच्या दाराने आत येत होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी बायकोला तसंच सांगितलं होतं आणि माझ्यासमोर ते तसंच राहू दिलं. मग तिला म्हणाले, “आम्ही स्वल्प बाहेर उभं राहतो.”

बाहेर, लेथच्या आवाजात, मी सांगितलं. सगळं, क्रमाने, रात्रीचं चित्र, बटण, पूल, बैठक. मी रडेन असं मला वाटलं होतं आणि त्याची मला थोडी आशाही होती; तसं काही झालं नाही. मी एखाद्या प्रकल्पाचा आढावा द्यावा तसा बोललो. शेवटी म्हणालो, “अण्णा, मला माफ करा.” ते शेजारच्या कारखान्याच्या दाराकडे बघत होते. म्हणाले, “तुम्ही पुण्याचे लोक आम्हापेक्षा चांगलं मराठी बोलता. मला बोलायला जमत नाही तसं. पण मला सांगून काय उपयोग वो साहेब? मला तर ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा की.” मी म्हणालो, तुम्ही त्या दिवशी ‘असेल’ का म्हणालात? “मग काय म्हणू? साहेब खोटं बोलतात म्हणून? आठ लोकांसमोर?” ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. टाक्यांची जागा अजून गुलाबी होती. “मला वाटलं, उद्या सांगतील. मग वाटलं, परवा. मग ते लेबल कापलो.” आतून गोजराबाई, जेवून जावा की साहेब, चित्रान्न केलंय, म्हणून हाक मारत होत्या. मी जेवलो. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. त्या मला दोनदा वाढत होत्या आणि विमानात पोटात कसं होतं ते विचारत होत्या, आणि रघुजी खाली मान घालून जेवत होते. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेत मी आणखी भात घेतला.

रविवारी अकराला हँगरमध्ये सातजण होते. चहाचा थर्मास, प्लास्टिकच्या खुर्च्या, उघड्या दारातून येणारं ऊन. रघुजी भिंतीपाशी स्टुलावर चढून खालच्या, ग्रीनिचच्या घड्याळाचा सेल बदलत होते. मी अहवाल वाचला नाही. उभा राहून सांगितलं की ऍप हे, रिसीव्हर हा, दोन्ही चांगले आहेत. त्या दिवशी चित्र जुनं होतं कारण मी वेळ चुकीची वाचली, ग्रीनिचची वेळ आपली समजलो आणि बटण दाबलं नाही. चूक माझी. मग रणवीर, जो स्वतःची कंपनी चालवतो आणि दर वाक्यात काहीतरी शिकतो, म्हणाला, “ग्रेट लर्निंग, वासू. इट टेक्स गट्स.” त्याने टाळी वाजवली. आणखी दोघांनी वाजवली. देवव्रतच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. “तो मतलब रिसीव्हर ठीक है? तो ऑर्डर कर देते हैं,” तो म्हणाला आणि लिहू लागला. कुणीतरी विचारलं की उन्हात पडदा कसा दिसतो. कुणीतरी चहा ओतला. मी खाली बसलो. पाठीवर थाप पडली. छाती हलकी झाली होती, मला चक्क बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्यातच माझी नजर देवव्रतच्या वहीवर गेली. जुन्या नोंदींत ‘केबल’ हा शब्द होता तसाच होता. एजन्सीचं पत्र त्याच्याखाली. मी वेळेबद्दल बोललो होतो. केबलबद्दल नाही. मला टाळी मिळाली होती, आणि मी पुन्हा त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

दुसऱ्यांदा उभं राहणं पहिल्यापेक्षा फार अवघड होतं. लोक चहा पीत होते, विषय संपला होता. मी म्हणालो, “अजून एक. केबल घट्ट होती.” देवव्रतने वर पाहिलं. “अण्णांनी लावलेली केबल घट्ट होती. रघुजीअण्णांनी. बैठकीत मी ढिली म्हणालो तेव्हा मला माहीत होतं की ती ढिली नाही. तो लर्निंग-बिर्निंगचा भाग नाही. मी खोटं बोललो. आणि त्या दिवशी आम्ही ढगातून बाहेर आलो ते अण्णांनी खिडकीतून बघितलं म्हणून.” हे मी इंग्रजीत सुरू केलं आणि हिंदीत संपवलं. या वेळी टाळी वाजली नाही. रणवीरने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता आपल्या बुटांकडे बघितलं. देवव्रतने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं, वहीतली एक ओळ खोडली, आणि एजन्सीचं पत्र फाइलमधून काढून घडी करून खिशात ठेवलं. मला कुणी बस म्हणालं नाही, म्हणून मी उभाच होतो.

रघुजी स्टुलावरून वळलेच नव्हते. सेल बसवून झाला होता, घड्याळ त्यांच्या हातात होतं, काटे थांबलेले. पाठमोरेच, मराठीत, ते म्हणाले, “साहेब, किती वाजले सांगा की.”

मी मनगट वर केलं. अकरा वाजून दहा. वजा साडेपाच. मी एकदा केलं, पुन्हा एकदा करून पाहिलं, आणि म्हणालो, “पाच चाळीस, अण्णा.”

“पाच चाळीस,” ते म्हणाले. मग त्यांनी शर्टाची बाही मागे सारली, स्वतःच्या घड्याळात बघितलं, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, आणि मगच काटे फिरवले.